मंत्रविद्यालयातील मंत्रहीन मुलगा

काल्पनिक जग उभारणाऱ्या लेखकास आधी त्या जगाचे नियम ठरवावे लागतात. हाजिमे कोमोतो या जपानी चित्रकथाकाराने ‘मॅशल’ या चित्रकथेत (२०२० ते २०२३) मोठा कठोर नियम योजिला आहे. तेथे जादू येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर खूण असते; जो जादूविना जन्मला, त्याला जगू दिले जात नाही. हा नियम सौम्य असता, तर मंत्रहीन नायकाची कोणी फारशी काळजी केली नसती.

नायक मॅश याचा चेहरा कोरा आहे. एका प्रेमळ वृद्धाने त्याला अरण्यात लपवून वाढविले. त्याने शरीर मात्र व्यायामाने पोलादासारखे कमाविले. पुढे हे गुपित फुटते. मंत्रविद्येतील सर्वोच्च पदवी मिळविली, तरच त्या दोघांना निर्धास्त राहता येणार असते. म्हणून खोटी खूण धारण करून मॅश ईस्टनच्या मंत्रविद्यालयात जातो. प्रवेशपरीक्षेत भूलभुलैयातून वेळेत बाहेर पडावयाचे असते. इतर मुले जादूच्या बळावर वाट शोधतात. मॅश काय करतो? तो भिंती फोडीत सरळ चालू लागतो! वाचकाला हसू येते; पण ती खोटी खूण पुसली गेली तर काय होईल, ही धास्तीही त्याच्या मनातून जात नाही.