हृदयाचा मूत्रपिंडांस निरोप

पाय सुजलेल्या हृदयरोग्याच्या घरी डॉक्टर प्रथम मिठाच्या बरणीची चौकशी करतात. दुखणे हृदयाचे आणि पथ्य मिठाचे, हे कसे, असे वडील मंडळी आम्हांस पुष्कळदा विचारतात. प्रश्न रास्त आहे.

हृदय म्हणजे केवळ रक्त खेळविणारा पंप, अशीच शास्त्राची फार दिवसांची समजूत होती. १९५६ साली ब्रूनो किश यांना गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, काही सूक्ष्म कण दिसले. त्याच वर्षी हेन्री व गॉवर यांनी कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत छोटा फुगा फुगविला, तो मूत्र वाढले! या दोन गोष्टींचा मेळ मात्र पुढे पंचवीस वर्षे बसला नाही.

तो बसविला मूळचे अर्जेंटिनाचे आणि कॅनडातील किंग्स्टन येथे संशोधन करणारे अदोल्फो द बोल्ड यांनी. कर्णिकांचा अर्क उंदरांच्या शिरेत टोचताच थोड्याच वेळात मूत्र सुमारे दहापट झाले व त्यातून जाणारे सोडियम तीसपटींहून अधिक वाढले. खालच्या कप्प्यांच्या अर्काने असे काही घडले नाही. त्यांचा निबंध आधी एका नियतकालिकाने परत केला; १९८१ साली तो दुसरीकडे छापून आला.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव आणि त्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळतात, व बहुतेक सारे पुन्हा रक्तात घेतात. अंगात मीठपाणी साचले म्हणजे कर्णिका ताणल्या जातात आणि २८ अमिनो आम्लांचा हा अंतःस्राव रक्तात उतरतो. मूत्रपिंडातील गाळणीकडे येणारी बारीक रक्तवाहिनी तो सैल करतो, बाहेर जाणारी आवळतो, गाळण वाढते. मीठ राखून ठेवविणाऱ्या रेनिन व आल्डोस्टेरॉन यांस तो दाबतो आणि शेवटच्या नलिकांस मीठ परत घेऊ देत नाही. मिठामागोमाग पाणीही जाते.

मग दुबळ्या हृदयाच्या माणसास सूज का यावी? हृदय निरोप पाठवीतच असते. रक्तात तो चांगला वाढलेला सापडतो. परंतु पंप थकल्यामुळे पुरेसे रक्त पोहोचत नाही, अंगात पाणीच कमी आहे असा मूत्रपिंडांचा ग्रह होतो, आणि रेनिनच्या आरडाओरड्यात हृदयाची हाक विरून जाते. याच कुळातील एक स्राव १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत मिळाला. तोही मुख्यतः हृदयातूनच येतो. दम लागण्याचे मूळ हृदयात आहे काय, हे ताडण्यास आज रक्तातील त्याचेच मोजमाप घेतात. हे स्राव मोडणाऱ्या नेप्रिलिसिनला अडविणारे साक्युबिट्रिल हे औषध, व्हल्सार्टनच्या जोडीने, २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले.

लोणच्याची फोड आणि सुका बांगडा ताटातून गेल्याचे दुःख आम्ही जाणतो. पण सैंधव चालेल काय, असे विचारणाऱ्यांस सांगावे लागते की तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. बाजारातील कमी सोडियमचे मीठ तर डॉक्टरांस विचारल्यावाचून आणूच नये. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडे थकलेली असता किंवा हृदयाची काही औषधे चालू असता ते रक्तात साचून जिवावर बेतू शकते.