सरासरी तीच, पाऊस मात्र बदललेला

दहा दिवसांत २०० मिलिमीटर पाऊस झाला, एवढ्या माहितीवरून शेतकऱ्याला किंवा गटारे बांधणाऱ्या पालिकेला फारसे काही उमगत नाही. रोज २० मिलिमीटर पडला, तर पाणी जमिनीत मुरते. नऊ दिवस प्रत्येकी ५ आणि एकाच दिवशी १५५ मिलिमीटर कोसळला, तर माती वाहून जाते. सरासरी दोन्ही वेळा २०च. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगले आहेत याचे माप, मात्र पहिल्या वेळी शून्य आणि दुसऱ्या वेळी ४५ येते.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील दैनंदिन पावसाचा अभ्यास केला. ‘सायन्स’ नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मोसमी पावसाच्या सरासरीत लक्षणीय बदल आढळला नाही. परंतु अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. वाढीने घट झाकली गेली.

चढउतारांतील असा बदल नेमका कधी झाला, हे शोधण्याची एक पद्धत कार्ला इंक्लान आणि जॉर्ज टियाओ यांनी १९९४ मध्ये मांडली. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग करायचा आणि हे वर्ग क्रमाने मिळवत जायचे. चढउतार कायम असतील, तर ही बेरीज साधारण सरळ रेषेत वाढते. ते वाढले वा घटले, की रेषा वाकते. सरळ रेषेपासून ती जिथे सर्वाधिक दूर जाते, तिथे बदलाची शक्यता सर्वाधिक. मग हे अंतर निव्वळ योगायोगाने पडू शकते काय, याची कसोटी घेतली जाते.

यात फसगतीच्या जागाही आहेत. जूनची तुलना सप्टेंबरशी केल्यास ऋतूचा फरकच बदल भासतो. सरासरी हळूहळू सरकत असेल, तर ती आधी वजा करावी लागते. एकच विलक्षण दिवस रेषा वाकवू शकतो. पर्जन्यमापकाची जागा बदलली, तरी तसेच घडते.

म्हणूनच ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ हे वाक्य दिलासादायक वाटले तरी अपुरे असते. धरणाचे दरवाजे, पेरणीची वेळ आणि नाल्याची रुंदी ठरवताना पाऊस किती पडला याइतकेच तो कसा पडला, हेही विचारावे लागते.