पोलिओच्या विषाणूला वेसण

तोंडावाटे द्यायची पोलिओची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. आल्बर्ट सेबिन यांनी १९५० च्या दशकात माकडांच्या पेशींत विषाणू पुन्हापुन्हा वाढवून, त्यातून निवड करत तो मिळवला. विषाणू दुबळा झाला हे दिसत होते; कशामुळे झाला, हे कोणालाच सांगता येत नव्हते. हे अज्ञान पुढे महागात पडले. लसीकरण तोकडे असलेल्या वस्तीत लसीतला विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, की त्याचा मूळ स्वभाव उफाळून येतो आणि लसजन्य पोलिओची साथ पसरते. पोलिओच्या विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाइप २ चा जंगली विषाणू १९९९ मध्ये अलीगढला शेवटचा आढळला. त्यानंतर या प्रकाराच्या साथी आल्या त्या लसजन्य विषाणूच्याच. या पेचातून वाट दाखवली ती उलट जनुकशास्त्राने. म्हणूनच प्रयोगशाळेत विषाणू घडवणे हा निव्वळ आगीशी खेळ आहे, हे मत मला पटत नाही.

एरवी आधी विषाणूचा गुण दिसतो आणि मग त्याला जबाबदार जनुक शोधावे लागते. इथे क्रम उलटा : आधी जनुकात नेमका बदल करायचा, मग विषाणू कसा वागतो ते पाहायचे. अडचण अशी, की पोलिओच्या विषाणूची जनुके आरएनएची असतात; आरएनए नाजूक असतो आणि जनुके कापण्या-जोडण्याची साधने डीएनएवर चालतात. १९८१ मध्ये एमआयटीत व्हिन्सेंट रॅकानिएलो आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी पोलिओच्या सुमारे साडेसात हजार अक्षरी आरएनएची डीएनए प्रत प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जीवाणूंत आढळणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवली आणि ती पेशींत सोडली. त्या पेशींतून जिवंत विषाणू बाहेर पडला! मग एकेक अक्षर बदलून पाहणे शक्य झाले. सेबिनच्या टाइप २ विषाणूचा दुबळेपणा मोजक्याच बदलांवर उभा आहे आणि त्यातला एक ४८१ व्या अक्षरात आहे, हे असेच कळले. तिथल्या ‘ए’चा ‘जी’ झाला, की वेसण सैल होते.

दुखणे नेमके कळल्यावर उपायही नेमका करता आला. टाइप २ विरुद्धच्या नव्या लसीत हे अक्षर असलेली आरएनएची घडी अशी रचली, की एखाद्या बदलाने जुनी ताकद परत येऊ नये. इतर विषाणूंशी तुकड्यांची अदलाबदल अवघड व्हावी, म्हणून आणखी एक आवश्यक भाग हलवला; प्रती काढणाऱ्या विकरातही फेरफार केले. २०१७ मध्ये अँटवर्पला कंटेनरांच्या बंदिस्त वसाहतीत स्वयंसेवकांना ठेवून, त्यांच्या विष्ठेतला विषाणू तपासत पहिली चाचणी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीला आपत्कालीन मान्यता दिली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ही लसही निर्दोष नाही. खरे आहे, २०२३ मध्ये काँगो आणि बुरुंडीत तिच्यापासून उद्भवलेले विषाणू सापडले. पण धोका शून्यावर आला नाही म्हणून तो घटलाच नाही, असे होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच तंत्राने २००५ मध्ये, एकट्या भारतात एक कोटीहून अधिक बळी घेणाऱ्या १९१८ च्या फ्लूचा विषाणू अमेरिकेत पुन्हा जिवंत केला गेला. २०११ मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरेल असा बदलल्याने जगभर वादळ उठले. ही भीती अनाठायी नाही. मात्र तंत्रावर सरसकट बंदी घातली, तर लस सुधारण्याची वाटही बंद होते. त्यापेक्षा प्रत्येक प्रयोगाला सुरुवातीआधीच दोन प्रश्न विचारावेत : यातून कोणाचा जीव वाचेल, आणि तेच उत्तर कमी घातक विषाणूवर मिळेल का? त्यांची उत्तरे प्रयोग करणाऱ्यांनी नव्हे, तर त्यात हितसंबंध नसलेल्यांनी तपासावीत. पोलिओची नवी लस या कसोटीला उतरते. जो प्रयोग उतरत नाही, त्याला परवानगी नाकारण्यात विज्ञानाचे काहीच नुकसान नाही.