अतिसाहसी क्रीडाप्रकार, उपसंस्कृती आणि मुख्य प्रवाह : स्केटबोर्डिंगच्या संदर्भात

उपसंस्कृती बंडखोरीतून जन्माला येते आणि कालांतराने मुख्य प्रवाहात विरून जाते, ही मांडणी समाजशास्त्रात रूढ आहे. डिक हेब्डिज यांनी १९७९ साली या सामावून घेण्याच्या दोन रीती सांगितल्या : बंडखोर शैलीचे विक्रेय वस्तूत रूपांतर आणि बंडखोराला किरकोळ वा निरुपद्रवी ठरविणे. त्यांचे विवेचन प्रामुख्याने ब्रिटनमधील पंकसारख्या युवागटांविषयी आहे. अतिसाहसी क्रीडाप्रकारांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्केटबोर्डिंगचे उदाहरण पाहू. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी पॉलियुरेथेनची चाके आली आणि फळीला रस्त्यावर पकड मिळाली. त्याच दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. घरोघरीचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. सांता मोनिका व व्हेनिस या किनारी वस्त्यांतील, लाटांवर सर्फिंग करीत वाढलेली मुले परक्यांच्या आवारात शिरून त्या तलावांच्या वक्र भिंतींवर खेळू लागली. हाड मोडण्याचे भय होते, तसेच पोलिसांचेही. स्पर्धा तेव्हाही होत असत; परंतु खरी प्रतिष्ठा परीक्षकांकडून नव्हे, सोबत्यांच्या नजरेतून लाभत असे. या उपसंस्कृतीचा गाभा हाच होय. पोशाख आणि बोली या गोष्टी दुय्यम.

ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने १९९५ साली र्‍होड आयलंड येथे 'एक्स्ट्रीम गेम्स' भरविले. पुढील वर्षापासून ते 'एक्स गेम्स' झाले. बाजारपेठ आली, प्रायोजक आले. येथवर हेब्डिज यांचे म्हणणे खरे ठरते. मात्र १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को येथील एक्स गेम्समध्ये टोनी हॉक यांनी हवेत अडीच गिरक्या घेऊन फळीवर उतरण्याचा पराक्रम केला, तो स्पर्धेची नियोजित वेळ संपल्यानंतर. ते पुनःपुन्हा पडत होते आणि प्रतिस्पर्धी बाजूला उभे राहून त्यांना उत्तेजन देत होते. घड्याळ कोणीच मानले नाही. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा व्हिडिओ गेमही बाजारात आला, हेही विसरून चालणार नाही.

अर्थात सर्वांनीच असा समझोता स्वीकारला नाही. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा प्रथम समावेश झाला, तेव्हा नॉर्वेचे अग्रगण्य खेळाडू तेर्ये हाकोन्सेन यांनी सहभाग नाकारला. आपला खेळ स्कीइंगच्या महासंघाकडे सोपविला गेला, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. खेळ कोणाचा, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला.

स्केटबोर्डिंग टोकियो ऑलिंपिकमध्ये आले. ही क्रीडास्पर्धा २०२१ साली पार पडली. महिलांच्या 'पार्क' प्रकाराच्या अंतिम फेरीत जपानची मिसुगु ओकामोतो शेवटच्या प्रयत्नात पडली आणि चौथ्या स्थानावर राहिली. ती रडत बाहेर आली तेव्हा तिच्याशीच स्पर्धा करणाऱ्या मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. गुणफलकावर या कृतीसाठी रकाना नव्हता.