वरचे वीस फूट

माझे साडू कर्नाटकात सिंधनूरजवळ भातशेती करतात. १० ऑगस्ट २०२४ च्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे रविवार उजाडल्यावर, त्यांचा फोन आला. रात्रीतून तुंगभद्रा धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजा वाहून गेला होता.

‘तुम्ही इंजिनिअर ना? मग सांगा, एका दरवाजापायी अख्खं धरण का रिकामं करताहेत? आमची लावणी नुकतीच झालीये.’

आपल्यापैकी हंपीला जाऊन आलेल्यांनी होस्पेटचे हे धरण पाहिले असेल. आपल्या महाबळेश्वरच्या कृष्णेला कर्नूलच्या बाजूला येऊन मिळते ती हीच तुंगभद्रा. १९५३ मध्ये धरण पुरे झाले तेव्हा त्यात १३३ टीएमसी पाणी मावे (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). गाळाने आता सुमारे १०५ वर आणले आहे. साखळीची बातमी होते, गाळाची होत नाही.

सांडव्यावर ३३ दरवाजे, प्रत्येक ६० फूट रुंद आणि २० फूट उंच. म्हणजे दरवाजे अडवतात ते फक्त वरच्या वीस फुटांतले पाणी. पण जलाशय वर पसरट असल्याने निम्म्याहून अधिक साठा त्याच वीस फुटांत! त्या एका भगदाडातून ३५ हजार क्युसेक वाहत होते. नव्या धरणांत दरवाजापुढे पोलादी फळ्या उतरवायला खाचा ठेवतात. इथे ती सोयच नव्हती. म्हणून पाणी सांडव्याच्या माथ्यापर्यंत उतरवायचे, मग दुरुस्ती, असा पहिला विचार. त्यासाठी, आणि त्या भगदाडावरचा जोर कमी व्हावा म्हणून, उरलेले दरवाजे मुद्दाम उघडले. साठ टीएमसी सोडावे लागणार होते.

तेवढी पाळी आली नाही. कन्हैया नायडू या जुन्या, निवृत्त तज्ज्ञाने वाहत्या पाण्यातच फळ्या उतरवण्याचा बेत केला. साठ फूट लांब, चार फूट उंच अशा पाच फळ्या. १६ ऑगस्टला पहिली बसली, दुसऱ्या दिवशी पाणी थांबले. मी आयुष्यभर हेच काम केले, पण वाहत्या पाण्यात हे करायला माझी छाती झाली नसती. पुढे पाऊस चांगला झाला, धरण पुन्हा भरले, साडूंचा भात हाती आला.

तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, ‘उरलेल्या बत्तीस साखळ्यांचं काय?’ त्याही सत्तरीच्याच. सगळेच दरवाजे बदलायचे ठरले आणि तोवर भार नको म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात ८० टीएमसीपर्यंतच पाणी साठवले. साडूंनी त्या हंगामात उन्हाळी भात लावलाच नाही.