दोन घरांचा सुलतान

चांदनी आमच्या घरी आली तेव्हा थोरली लेक बालवाडीत जात होती. आता ती कॉलेजला आहे आणि चांदनी १४ वर्षांची. मांजराची १४ वर्षं म्हणजे माणसाच्या हिशेबाने सत्तरी ओलांडलेली. खिडकीत बसायला ती आता उडी मारत नाही, आधी स्टुलावर चढते. दुपारभर घडी घातलेल्या गोधडीवर झोपून असते.

सुलतान हा शेजारच्या खालांचा बोका. तीन वर्षांचा, केशरी पट्ट्यांचा. खालांचा मुलगा कुवेतला कामाला गेला, तेव्हा अम्मीला सोबत हवी म्हणून पिल्लू आणून देऊन गेला. आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या घरांना लांबलचक पडवी असते. आमची आणि खालांची पडवी लागून आहे, मधे कमरेएवढा कठडा. कठडा ओलांडायला सुलतानला कुणाची परवानगी लागत नाही.

सहामाहीचे पेपर तपासत आम्ही पडवीत बसायचो आणि तो लांबून बघत राहायचा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२० सालचा अभ्यास वाचनात आला होता. मांजराकडे बघून आपण डोळे हळूच मिटले-उघडले तर तेही तसंच करतं, आणि अनोळखी माणसाकडेही जायला तयार होतं, असं त्यांना दिसून आलं. आम्ही करून बघितलं. आठवडाभरात सुलतान पेपरांच्या गठ्ठ्यावर येऊन बसू लागला. मुलं खूश झाली. कुणी सुकट घातली, कुणी बशीत दूध ओतलं. पुढे तो संध्याकाळीही आमच्याकडेच राहू लागला. आम्हाला वाटलं, काय लळा लावला आपण!

चांदनी सुरुवातीला फिस्कारली. मग गप्प झाली. खिडकी सोडून खाटेखाली जाऊन बसू लागली. एके दिवशी धुतलेल्या कपड्यांवरच तिने लघवी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “म्हातारपणी बिघडली,” असं धाकटा म्हणाला आणि आम्हीही तिला रागावलो. मत्सर करते, असं आमचं निदान होतं. मुलांना शिकवण्यात आयुष्य चाललं आहे, पण घरातलं एक मुकं जनावर काय सांगतं आहे ते कळलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. वजन उतरलं होतं, रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं कमजोर झालेली दिसली. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार पुष्कळ आढळतो. मांजर पाणी जास्त पितं, लघवीही जास्त होते. त्यात तिचे सांधे दुखत होते. आणि तिचा वाळूचा ट्रे होता पडवीत, जिथे आता सुलतान ठाण मांडून बसायचा. त्याच्यासमोरून जायची तिला भीती वाटायची. मांजर आपलं घर नाकाने ओळखतं. आमच्या हातांना, कपड्यांना दुसऱ्या बोक्याचा वास येत होता. तिच्या दृष्टीने घरच परकं झालं होतं.

त्याच आठवड्यात एका रात्री खालांनी दार वाजवलं. “बेटा, सुलतान वाळूत बसतो, ओरडतो, उठतो, पुन्हा बसतो. थेंबही पडत नाही.” रिक्षा करून तसेच निघालो. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली. तेव्हा कळलं, त्याला हा त्रास आधीही झाला होता आणि म्हणून त्याचं खाणं पथ्याचं होतं. डॉक्टरांनी सगळा दोष आमच्या सुकटीवर टाकला नाही, पण पथ्य आम्ही मोडलं होतं, हे खरं.

परत येताना खाला टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे खातो ते ठाऊक होतं मला. म्हटलं, मुलांना आवडतो, कशाला बोलायचं? पण मगरिबनंतर तो नसला की घर खायला उठतं.”

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मांजर पाणी प्यायला आलं तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूचं भांडं त्याच्यासाठी तिरपं केलं, ही हदीस आपण मुलांना सांगतो. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचा अंजामही सांगतो. मांजराला खाऊ घातलं म्हणजे आपला हक अदा झाला, असं आम्ही त्यातून समजून बसलो होतो. पण दारात आलेलं दुसऱ्याचं मांजर ही अमानत असते. त्याच्यावर मालकाचा हक असतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या जिवाचा आपल्यावर.

आता आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. खालांना विचारल्याशिवाय सुलतानला एक घासही नाही. दूध तर नाहीच, मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही. तो पडवीत आला तर जाळीचं दार बंद. त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. मांजरांचे काही रोग आपल्या हातांवरून, कपड्यांवरूनही जातात, म्हणून दोघांचं लसीकरण करून घेतलं. चांदनीचा ट्रे आतल्या खोलीत आणला, बुटक्या काठाचा. पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली. दर महिन्याला तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन त्यातून वजा करायचं. मांजर दुखणं लपवतं, काटा लपवत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. मांजर तापलेलं वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

सुलतानशी दोस्ती तुटलेली नाही. मगरिबनंतर आमच्यापैकी कुणी ना कुणी खालांकडे जाऊन बसतं. कधी लेक पुस्तक घेऊन जाते, कधी आम्ही पेपरांचा गठ्ठा. सुलतान तिथेच येतो, स्वतःच्या घरात. खाला चहा टाकतात, कुवेतहून आलेला फोन आम्हालाही देतात. इतकी वर्षं शेजारी राहून आम्ही त्यांच्याकडे ईदेलाच काय ते बसत होतो, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

चांदनीचं वजन मागच्या महिन्यात आणखी थोडं उतरलं. औषध आणि पथ्य चालू आहे. मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पण ती खाटेखालून बाहेर आली आहे. सकाळी स्टुलावर चढते, थोडं थांबते, मग खिडकीत जाऊन बसते. कठड्यावर सुलतान दिसला तर आता फिस्कारत नाही. तिची जागा कुणी घेणार नाही, हे तिला पटलेलं दिसतं.