हौसेची गाडी, कायद्याची चौकट

बीएमडब्ल्यूची पहिली आर्ट कार : शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी रंगवलेली बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल १९७५ मध्ये ल मॉंच्या शर्यतीत धावली.

मुंबईची तऱ्हा : २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या प्रकल्पाने काळ्या-पिवळ्या टॅक्सींची आसनं आणि छत आतून चित्रमय केलं. बाहेरचा रंग तसाच राहिला.

वऱ्हाडातल्या हौशींसाठी : नंबर अमरावतीचा एमएच-२७ असो की अकोल्याचा एमएच-३०, रंग बदलला की आरसीत नोंद हवीच. जीपवाल्यांचा लाडका ऑलिव्ह ग्रीन मात्र संरक्षण दलांसाठी राखीव आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या मनमानी बदलांना मनाई करतं. शिक्षा : प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पेंटरला इसार देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.